तुम्ही विचारलेल्या नावाबद्दल

गुहागर,
१५ फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

येथे आंब्याला मोहोर चांगला धरला आहे आणि विहिरीवरचा पंप आईच्या सांगण्याप्रमाणे दुरुस्त करून घेतला आहे. बाबा, अमेरिकेतल्या विंचेस्टरमधील ज्या शाळेत तुम्ही नातीला रोज सोडायला जाता, ती 'व्हिन्सन-ओवेन' शाळा कोणाच्या नावाची, असे तुम्ही विचारले होते. फोनवर उरकण्यासारखे ते नव्हते, म्हणून हे पत्र.

मारिबेल व्हिन्सन-ओवेन आणि त्यांच्या दोन मुलींच्या आठवणीसाठी ते नाव आहे. बाई त्याच गावच्या. फिगर स्केटिंगमध्ये, म्हणजे पात्याचे बूट घालून बर्फावर करायच्या खेळात, १९२८ ते १९३७ या काळात त्या नऊ वेळा अमेरिकेच्या एकेरी विजेत्या झाल्या. ऑलिम्पिकमध्ये मात्र त्यांना १९३२ च्या कांस्यपदकावर थांबावे लागले, कारण तो काळ नॉर्वेच्या सोन्या हेनीचा होता. पुढे त्या शिकवू लागल्या, आणि १९५६ साली त्यांची शिष्या टेनली ऑलब्राइट हिने ऑलिम्पिकचे सुवर्णपदक आणले.

त्या काळी निम्म्याहून अधिक गुण उड्या-गिरक्यांना नसून, बर्फावर पात्याच्या कडेने आठाचे आकडे काढण्याला असत. त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा जायचे आणि मग पंच वाकून रेघ कोठे फाकली ते पाहत. हे वाचताना मला तुम्हीच दिसलात, कबड्डीचा सराव संपल्यावर लाल मातीत वाकून, कोणाची टाच टेकली आणि कोण चवड्यावर राहिला, हे पावलांवरून ओळखणारे. (सर चढाईपेक्षा मातीच जास्त बघतात, असे आम्ही मुले मागून म्हणत असू.)

पुढचे आईला जरा जपून सांगावे. १९६१ साली आजच्याच तारखेला, प्रागच्या जागतिक स्पर्धेला निघालेला अमेरिकेचा सगळा संघ ब्रुसेल्सजवळ विमान कोसळून गेला. त्यात बाई होत्या आणि दोन्ही मुलीही. धाकटी लॉरेन्स सोळा वर्षांची, नुकतीच राष्ट्रीय विजेती झालेली.

बाईंचा शिष्य फ्रँक कॅरोल पुढे प्रशिक्षक झाला, आणि त्याने घडवलेल्या इव्हान लायसाचेकने २०१० साली व्हँकुव्हरच्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकले. बाई गेल्या तेव्हा हा इव्हान जन्मलाही नव्हता.

शिट्टी माझ्या हाती देताना 'आता माझे काम संपले' असे तुम्ही म्हणालात, ते मला तेव्हाही पटले नव्हते. मैदानावर मी ओरडतो ते शब्द तुमचेच असतात, मुलांना ते माझे वाटतात. पण उजव्या कोपऱ्यातून घोट्याची पकड नेमकी कधी टाकायची, हे मला अजून नीट समजावता येत नाही. शिमग्याला परत याल तेव्हा एक संध्याकाळ मैदानासाठी राखून ठेवावी.

तुमचा,
बाळू