एकदा मेन ब्रेकर पाडून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यातल्या नव्या डेटा सेंटरांविषयी तुमच्या अंकात अधूनमधून वाचतो. किती कोटी, किती मेगावॅट, एवढंच बहुतेक वेळा असतं. याच पट्ट्यातल्या एका डेटा सेंटरमध्ये, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या इमारतीत, मी 17 वर्षं शिफ्ट इन्चार्ज होतो, यंदा निवृत्त झालो. मला सांगायचं आहे ते चाचणीबद्दल. बांधकाम लांबलं, की उद्घाटनाची तारीख हलत नाही, चाचणीचे दिवस मात्र कापले जातात.

12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ बऱ्याच जणांना आठवत असेल. दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. आमच्याकडे काही सेकंदांत डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, उठले, एकमेकांशी जुळले. तोवर यूपीएसच्या बॅटऱ्यांनी भार धरून ठेवला होता, सर्व्हरना पत्तासुद्धा लागला नाही. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. चहा सांगायच्या बेतात होतो, तेवढ्यात पडद्यावर सर्व्हर हॉलचं तापमान 23 वरून सरकायला लागलं. 24. 26. डीजीची वीज मिळत होती, पण चिलर, म्हणजे हॉल गार ठेवायचं पाणी थंड करणारी यंत्रं, उठत नव्हते.

मोठा चिलर घरच्या एसीसारखा बटण दाबलं की सुरू होत नाही. आधी त्याचा कंट्रोलर जागा होतो, पाणी वाहतंय का बघतो, ठरलेला वेळ थांबतो, मग कॉम्प्रेसर लावतो. आमच्या इमारतीत तो कंट्रोलर यूपीएसवर नव्हता आणि थंड पाण्याचे पंपही नव्हते. वीज गेल्यावर कंट्रोलर अलार्म धरून बसला, त्याला हातानंच रीसेट हवा होता. मी आणि एक हेल्पर जिन्यानं गच्चीवर पळालो. खाली आलो तेव्हा आकडा 34 वर होता. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा 18 ते 27 अंश असावी, असं या धंद्यात सगळीकडे मानतात. मशीन वाचली, पण नशिबानं.

ही खोट पहिल्याच दिवशी सापडली असती. इमारत ताब्यात घेताना डीजी वेगळा चालवून बघितला, यूपीएस वेगळा, चिलर वेगळा; प्रत्येकाच्या कागदावर ‘ओके’. सगळं एकत्र असताना मेन ब्रेकर पाडून, म्हणजे बाहेरून येणारी वीज तोडून, काय होतं, हे कुणीच बघितलं नाही. खरी चाचणी म्हणजे रॅकच्या, म्हणजे सर्व्हरच्या कपाटांच्या, जागी लोडबँक, म्हणजे मोठे हीटर, लावायचे, पूर्ण भार चढवायचा, हॉल तापू द्यायचा आणि न सांगता वीज तोडायची. एकदा नव्हे, चार-पाच वेळा. एक डीजी मुद्दाम बंद ठेवून, एक पंप बंद ठेवून. जमलं तर मे महिन्यात. पंप आणि कंट्रोलर यूपीएसवर घेतले आणि थंड पाण्याची एक टाकी ठेवली, तर चिलर उठेपर्यंतची मिनिटं निघून जातात. टाकीचा खर्च इमारतीच्या मानानं किरकोळ.

काही गोष्टी चाचणीतही सापडत नाहीत, त्या नकाशातच धराव्या लागतात. 2012 मध्ये न्यूयॉर्कला सँडी वादळाचं पाणी शिरलं, तेव्हा एका इमारतीत डिझेलचे पंप तळघरात बुडाले. डीजी वर, डिझेल खाली. तिथली माणसं 17 मजले जिन्यानं बादल्या वाहत होती. आपल्याकडे 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला, आणि आमचा पट्टा तर पारसिकच्या डोंगरातून उतरणारे नाले आणि खाडी यांच्या मधे. तरी मी तळघरात बसवलेले डिझेल पंप पाहिले आहेत. बॅटरीच्या खोलीचंही तसंच. ऑक्टोबर 2022 मध्ये दक्षिण कोरियात पांग्योच्या डेटा सेंटरला बॅटरीपासून आग लागली. विझवण्यासाठी वीज तोडावी लागली आणि तो देश रोज वापरतो ते काकाओटॉक हे मेसेजचं अॅप बंद पडलं. बॅटऱ्या आगीला टिकणाऱ्या भिंतींआड, सर्व्हरपासून लांबच हव्यात.

विजेच्या बचतीवर भाषणं खूप होतात. आमच्याकडे मोठे साहेब बघायला यायचे, तेव्हा हॉल गार लागला पाहिजे म्हणून सेटिंग खाली आणायचो. तेच पैसे रॅकच्या रिकाम्या खणांना प्लास्टिकच्या पट्ट्या लावायला आणि फरशीतली केबलची भोकं बुजवायला घातले असते, तर गरम हवा फिरून पुढे आली नसती.

टेंडरमध्येच चाचणीचे सहा आठवडे वेगळे लिहावेत, आणि पुढे जी पोरं रात्रपाळी करणार त्यांना तेव्हापासून तिथे उभं करावं. आम्हाला चावी मिळाली तेव्हा ठेकेदाराची माणसं निघून गेली होती. कुठला व्हॉल्व्ह कशाचा, हे मी टॉर्च घेऊन दोन महिने शोधत होतो. चिलरच्या रीसेटचं बटण तर पॅनेलच्या मागच्या बाजूला होतं. निवृत्तीच्या आदल्या दिवशी गच्चीवर जाऊन त्याच्या दारावर लाल पेंटनं बाण काढून आलो.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट इन्चार्ज, घणसोली
(कृपया नाव छापू नये.)