नोंदवहीत माझं नाव, त्याच्यासाठी फक्त ‘सोबत 1’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत घरं दाखवणाऱ्या एजंट महिलांच्या सुरक्षिततेवर लेख आला. आमच्यासाठी तुम्ही अर्धं पान दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण चौकटीतले सल्ले वाचल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. ‘एकटीने जाऊ नये.’ ‘अंधार पडल्यावर घर दाखवू नये.’ ‘पर्समध्ये मिरचीचा स्प्रे ठेवावा.’ ज्यांनी हे लिहिलं त्यांनी एक आठवडा माझ्या स्कूटरवर मागे बसून फिरावं, असं मी अगदी मनापासून सुचवते.

मी 17 वर्षं भाड्याची आणि रिसेलची कामं करते. वाकड, बाणेर, बालेवाडी हा माझा पट्टा. इथला गिऱ्हाईक हिंजवडीत नोकरीला. सुटून, ट्रॅफिक तुडवत तो माझ्यापर्यंत पोहोचतो तेव्हा साडेसात-आठ झालेले असतात. सकाळी त्याला वेळ नसतो. मग घर बघणार कधी? अंधार पडल्यावर दाखवायचं नाही असं ठरवलं तर डिसेंबरात माझा धंदा सहाला बंद. आणि सोबत कुणाला न्यायचं? एका महिन्याचं भाडं हे आमचं ब्रोकरेज, तेही करार झाला तर. दहा-बारा घरं दाखवावी तेव्हा एक जमतं. जमलेल्यातही काही जण आमच्यामागून मालकाला परस्पर फोन करून मोकळे होतात. त्यातून मी सोबत्याचा पगार काढू?

2019 चा जून. सात मजल्यांची नवी इमारत, निम्मी रिकामी. मी दाखवायला गेले तो टू बीएचके सातव्यावर होता. फोनवर गिऱ्हाइकाने सांगितलं होतं, बँकेत आहे, नागपूरहून बदली झाली आहे, बायकोला घेऊन येतो. आला एकटाच. ‘ती पुढच्या आठवड्यात येईल, मी आधी बघून घेतो.’ असं शंभर जण म्हणतात आणि त्यातले नव्याण्णव खरं बोलत असतात, म्हणून मी काही मनात आणलं नाही. मालकाने बिल थकवल्याने मीटर कापलेलं होतं. मोबाइलच्या टॉर्चवर घर दाखवत होते. महिनाभर बंद असलेल्या घराचा तो कोंदट वास अजून आठवतो. मी पुढे, तो मागे. मास्टर बेडरूममध्ये मी वॉर्डरोबचा पल्ला उघडून धरला होता, तेवढ्यात बाहेर मुख्य दाराची कडी लागल्याचा आवाज आला. मी हॉलमध्ये येईतो तो पॅसेजमध्ये आडवा उभा. म्हणाला, ‘घाबरताय कशाला? शांतपणे घर बघू की.’

त्याने मला हात लावला नाही, लावायला वेळच मिळाला नाही. माझ्या उजव्या हाताला किचन होतं. मी तिथून ड्राय बाल्कनीत गेले. समोर डक्टपलीकडच्या फ्लॅटमध्ये एक बाई भांडी घासत होती. मी ओरडले, ‘ताई, वॉचमनला वर पाठवा, सातव्या मजल्यावर!’ तिला काही कळलं नसणार, पण तिने नळ बंद केला आणि मान वर करून बघितलं. तेवढं पुरलं. कडी काढल्याचा आवाज आला, मग जिन्यावरून धावत उतरणारी पावलं. मी किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरून किती वेळ तिथेच उभी होते, मला आठवत नाही. तळहातावर किल्लीचे दात उमटले होते.

खाली आले आणि गेटवरची वही मागून घेतली. हे पत्र मी त्या वहीच्या पानासाठी लिहिते आहे. त्यावर माझं पूर्ण नाव होतं, माझा मोबाइल नंबर, स्कूटरचा नंबर, फ्लॅट नंबर, वेळ आणि माझी सही. त्याच्याबद्दल त्याच ओळीत शेवटी एवढंच: ‘सोबत 1’.

ना नाव, ना नंबर, ना गाडी. गाडी त्याने बाहेर रस्त्यावर लावली होती. ज्या नंबरवरून फोन आला होता तो त्याच रात्री बंद झाला. रस्त्याच्या अलीकडे एक पोलीस ठाणं, पलीकडे दुसरं. पहिल्या ठिकाणी सांगितलं की ती इमारत आमच्या हद्दीत येत नाही. दुसऱ्या ठिकाणी प्रश्न आला, ‘पण काही झालं नाही ना?’ आणि मी, तेव्हा 11 वर्षं या धंद्यात काढलेली बाई, मान हलवून ‘नाही’ म्हणाले आणि घरी आले. याची मला अजून चीड येते. आता 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्याने घ्यायचीच. तुमच्या चौकटीत मिरचीच्या स्प्रेऐवजी हे कलम छापलं असतं तर कुणाच्या तरी उपयोगी पडलं असतं.

लेखात तुम्ही लंडनच्या सुझी लॅम्प्लूचा उल्लेख केलात. 25 वर्षांची ती एजंट मुलगी 28 जुलै 1986 रोजी फुलहॅममधलं एक घर दाखवायला म्हणून ऑफिसातून निघाली आणि परत आलीच नाही. तिच्या डायरीत गिऱ्हाइकाची नोंद होती: ‘मिस्टर किपर’. हा किपर कोण, ते इतक्या वर्षांत कळलेलं नाही. तिचा मृतदेहही मिळाला नाही. तिच्या आईवडिलांनी त्याच वर्षी तिच्या नावाने संस्था काढली आणि कामानिमित्त एकट्या फिरणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्या देशाला विचारायला लावला. तुमच्या लेखिकेने ही हकीकत सांगितली आणि पुढच्याच परिच्छेदात स्प्रेवर आल्या. खरा मुद्दा मधल्या मध्ये निसटला. डायरीत गिऱ्हाइकाने स्वतः सांगितलेलं एक नाव, आणि माझ्या वहीत तर तेही नाही. घर दाखवणारीची सगळी कुंडली मांडलेली असते आणि बघायला येणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, हा तो मुद्दा.

आमची ओळख किती ठिकाणी नोंदवलेली असते ते बघा. महारेराची, म्हणजे घरबांधणी व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची नोंदणी, तिचा नंबर प्रत्येक जाहिरातीत छापायचा. 2023 पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली, तीही मी दिली. माझी त्या नियमाला हरकत नाही, लोकांची फसवणूक थांबायलाच हवी. कार्पेट एरिया, करारनामा, प्रकल्पाची नोंदणी, सगळं शिकवलं. मी ज्या वर्गात बसले तिथे रिकाम्या घरात अनोळखी माणसाबरोबर कसं उभं राहायचं यावर एक वाक्यही कुणी बोललं नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते, पण ती करार ठरल्यावर. त्याआधी तो आठ घरं बघतो, आठ वेळा कुणा एजंट बाईबरोबर बंद घरात शिरतो, तेव्हा तो कोण आहे हे कुणालाही ठाऊक नसतं.

आता वह्या गेल्या, गेटवर अॅप आलं. मला वाटलं होतं सुधारेल. पण रिकाम्या फ्लॅटचा मालक न्यू जर्सीत, आपल्या संध्याकाळी तिकडे सकाळची घाई. त्याने एकदाच ‘मॅडमना सोडत जा’ म्हणून सांगून ठेवलेलं. वॉचमन माझी एंट्री करतो आणि बरोबरच्याला सोडून देतो. जेवणाचं पार्सल आणणाऱ्या मुलाचा मात्र फोटो काढतात, नंबरवर ओटीपी पाठवतात. इस्त्रीचा शर्ट घालून आलेल्याला ‘साहेब’ म्हणून सलाम. घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो आणि त्याच्याच फोनवर ओटीपी, एवढं केलं तरी बरेचसे नको ते लोक गेटवरूनच परत जातील. यंत्रणा सोसायट्यांकडे आजही आहे, त्यासाठी एक रुपया जास्त लागत नाही. आणि मालकांनी कृपा करून रिकाम्या घराचं मीटर चालू ठेवावं. महिन्याचं ते किमान बिल तुम्हाला जड नाही.

त्या दिवसापासून मी मुख्य दार आणि सेफ्टी डोअर दोन्ही उघडी ठेवते आणि फटीत माझी चप्पल अडकवते. आधी बाल्कनी उघडते. बेडरूममध्ये गिऱ्हाइकाला पुढे पाठवते, स्वतः दाराशी थांबते. गाडीच्या नंबराचा फोटो बहिणीला जातो. काही जण रागावतात, ‘मॅडम, आत येऊन कपाटं दाखवा की.’ मी जात नाही. दोन-तीन करार त्यापायी गेले असतील. नव्याने या कामात आलेल्या मुलींना मी हे शिकवते, पण बरोबर आलेला माणूस कोण होता याची नोंद मागे कशी ठेवायची, हे शिकवायला माझ्याकडे काही नाही. तो कागद गेटवरच तयार झाला पाहिजे.

आणखी एक. तुमच्या मथळ्यात ‘दलाल महिला’ असे शब्द होते. मराठीत या दोन शब्दांची जोडी कानाला कशी लागते, हे मथळा देणाऱ्याला कळायला हवं होतं. माझ्या सासूबाईंनी तो मथळा वाचला आणि पुरवणी घडी घालून बाजूला ठेवली, मला काही म्हणाल्या नाहीत. महारेराच्या प्रमाणपत्रावर आमच्यासाठी ‘एजंट’ असा शब्द आहे. तोच छापावा.

पत्र छापलंत तर नाव देऊ नये, ही विनंती. फोन नंबर तर नकोच. तो आधीच या शहरातल्या शेकडो वह्यांमध्ये लिहिलेला आहे.

आपली,
एक वाचक, पुणे