भजनातला हळू आवाज कुठं गेला?

मा. संपादक साहेब, जयगुरु.

डीजेच्या दणक्यावर दरवर्षी गणपतीत आपल्या पेपरात पत्रं येतात अन् ती यायलाच पाहिजेत, पण मला जरा दुसरंच सांगायचं आहे. आमच्या भजनातला हळू आवाज चालला आहे.

मी अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, ३५ वर्षं झाली मंडळात पेटी वाजवतो. खंजिरी भजन ज्यानं आधी ऐकलं त्याला आठवत असंल, पहिले पेटीचा नुसता एक सूर, भाता इतका हळू की बाजूच्यालाच ऐकू यावा, मग बुवा गुणगुणल्यासारखं धृपद म्हणायचे, खंजिरी फक्त बोटाच्या टोकावर, अन् असं चढत चढत तिसऱ्या-चौथ्या कडव्याला सगळे मिळून धृपद उचलायचे तेव्हा अंगावर काटा यायचा. तो काटा नुसत्या मोठ्या आवाजानं येत नाही, हळूवरून मोठ्यावर गेल्यानं येतो. पियानोचं मूळ नावच म्हणे ‘हळू-मोठा’ अशा अर्थाचं आहे, १७०० च्या आसपास इटलीत तो बनला तेव्हा बोटाच्या दाबावर आवाज कमी-जास्त होतो हीच त्याची नवलाई होती. आपल्या पेटीत तेच काम डाव्या हातातला भाता करते.

यंदाच्या सप्ताहात काय झालं, मी भाता सैल सोडला की साउंडवाल्या पोरानं माझा चॅनल वर केला, बुवा हळू आले की त्यांचा माइक वर, अन् सगळे जोरात आले तेव्हा मिक्सरवर लाल लाइट लागले म्हणून मास्टर, म्हणजे सगळ्यांचाच आवाज, खाली! म्हणजे आम्ही जे हळू केलं ते त्यानं मोठं केलं अन् जे मोठं केलं ते दाबलं, वरून इको. पोरगा मेहनती आहे, त्याला राग म्हणून नाही, पण हळू वाजवणं मुद्दाम असते हे त्याला कोणी सांगितलंच नाही. आता तर कॉम्प्रेसर नावाचं सेटिंग हे काम आपोआप करते, लहान-मोठ्यातलं अंतरच कमी करून टाकते, मोबाइलवर येणारी बरीच गाणीही अशीच दाबलेली असतात, म्हणून पोरांचे कान तेच शिकले.

मोठ्या आवाजासाठी कायदा तरी आहे, २००० सालचे नियम आहेत, राहत्या वस्तीत दिवसा ५५ अन् रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. हळू आवाजाला कोण वाली?

अन् हे आपल्या भागात व्हावं याचं जास्त वाईट वाटते. गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारोंचा जमाव एकदम चूप उभा राहते, ज्यानं ते अनुभवलं त्याला शांततेची ताकद सांगायची गरज नाही.

म्हणून भजन स्पर्धा घेणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, गुण देताना चढ-उतारालाही गुण ठेवा, अन् साउंडवाल्याला भजनाच्या आधी मंडळासोबत १० मिनिटं बसवा. आम्ही येत्या एकादशीला आमच्या मंदिरात माइक न लावता भजन करणार आहोत. पार मागच्या ओट्यावर बसून पाहिलं मी, बुवांचा हळू आवाज तिथपर्यंत येते.

आपला,
एक पेटीवाला, जि. अमरावती