तिकिटाचे पैसे हातात दिलेत म्हणून

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

पत्र लिहायची सवय मोडलीय, चूकभूल पदरात घ्या.

तुम्हाला आठवणार नाही, पण ती मिरज–सांगली फेरी मला लख्ख आठवते. मे महिना, मी फुल बाह्यांच्या शर्टात, डाव्या हातात मोजा. मागच्या सीटवरच्या एका ताईंनी सुट्टे माझ्या हातात न देता सीटच्या कडेला ठेवले होते. हे रोजचंच. मी गुपचूप उचलून घ्यायचो. मग तुम्ही ‘एक अर्धं, सांगली’ म्हणून पन्नासची नोट थेट माझ्या तळहातावर ठेवलीत. तुमच्याही बोटांची टोकं माझ्यासारखीच कोडानं पांढरी. ‘कधीपासून रे?’ एवढंच विचारलंत. पाऊसपाण्याची चौकशी करावी तसं. अकरा वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.

तुम्ही भरवता त्या कोड असलेल्यांच्या बैठकीला पहिल्यांदा आलो, तेव्हा मी दारातूनच परत फिरणार होतो. वाटलं, रडारड असेल. आत चहात साखर कुणी जास्त घातली यावरून भांडण चाललेलं! पुण्यात डॉ. माया तुळपुळेंनी स्वतःला कोड असताना कोड असलेल्यांसाठी श्वेता असोसिएशन उभी केली, ते बघून तुम्ही इथे चार खुर्च्या मांडल्यात, हे नंतर कळलं.

त्या दिवशी तुम्ही दहा प्रश्नांचा कागद दिलात, त्वचेचे डॉक्टर वापरतात तो. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे लाज वाटली का, कपडे निवडताना फरक पडला का, असले प्रश्न. जास्तीत जास्त गुण ३०, जितके जास्त तितका त्रास मोठा. मी सगळीकडे ‘अजिबात नाही’वर खूण केली. तुम्ही कागद पाहिलात, मग माझा मोजा. ‘कपड्यांचं उत्तर खोटं लिहिलंस.’ शाळेत छडी खाल्ली तेव्हा इतका ओशाळलो नव्हतो.

शरीराची संरक्षण यंत्रणाच रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते, हा कुष्ठरोग नाही, शिवल्यानं पसरत नाही, हे डॉक्टरांनी मलाही सांगितलं होतं. पण आईनं माझं दूध, दही, मासे बंद केले होते ते केलेच होते. तुम्ही घरी येऊन तिच्याशी तासभर बोललात (त्यातला बराच वेळ लोणच्यावर गेला), आणि रात्री तिनं न बोलता ताटाशेजारी ताकाची वाटी ठेवली.

माझ्या खांद्यावर पट्ट्यासारखा डाग का, तेही बैठकीतच उमगलं. सतत घासलं, खरचटलं की काहींना तिथे नवा डाग उठतो, आणि माझी पैशाची बॅग रोज तिथेच लटकते. आता पट्ट्याखाली मऊ फडकं असतं. त्या कॉलेजच्या मुलीला तर कपाळावर नेमका टिकलीएवढाच डाग होता. तुम्ही लगेच तिची टिकली सोडवलीत आणि डॉक्टरांकडे धाडलंत, कारण टिकलीच्या गोंदातल्या रसायनानंही काहींचा रंग जातो.

लाइट ट्रीटमेंटनं माझ्या चेहऱ्याचा रंग बराच भरलाय. बोटं तशीच आहेत, तिथे उपचार लवकर दाद देत नाहीत म्हणे. मला आता त्याची घाई नाही. मोजा धुऊन कपाटात ठेवलाय, तो थंडीत लागेल.

सीटच्या कडेला पैसे ठेवणारे अजून भेटतात. मी हात पुढे धरून थांबतो. काही जण देतात, काही नाही देत.

येत्या रविवारी माझी ड्युटी दुपारी सुटते. बायको आणि लेक आधी येतील, त्यांना जागा धरा. साखर मी घालीन.

आपला,
अर्ध्या तिकिटाचा कंडक्टर