रविवार-शाळेचा पाळक-संपादक

संपादक महोदय,

दूरशिक्षणाच्या इतिहासात जॉन हेल व्हिन्सेंट (१८३२–१९२०) या अमेरिकेतील मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या पाळकांचे नाव राहून जाते, याची खंत वाटते. ते रविवार-शाळांच्या, म्हणजे चर्चमध्ये रविवारी भरणाऱ्या धर्मशिक्षणाच्या वर्गांच्या, नियतकालिकांचे संपादक. पूर्वी प्रत्येक शाळा मनाला येईल तो उतारा शिकवी. १८७२ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे रविवार-शाळांच्या अधिवेशनात ठरले की, एका रविवारी सगळीकडे बायबलचा एकच उतारा घ्यायचा आणि सात वर्षांत फेरा पुरा करायचा. शिक्षकांना आधी एकत्र बसून तयारी करता येऊ लागली, टिपाही स्वस्तात छापता आल्या. पण पाच वर्षांच्या पोराला आणि त्याच्या आजोबांना तोच उतारा! लहानग्यांना बायबलमधली पौलाची पत्रे कशी पेलणार? वयानुसार पाठांना मान्यता मिळाली ती थेट १९०८ मध्ये.

खरी उणीव शिक्षकांच्या तयारीची, हे व्हिन्सेंट यांनी अचूक हेरले. ऑगस्ट १८७४ मध्ये उद्योजक लुईस मिलर यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील शटाक्वा तलावाकाठी शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचा वर्ग भरवला. तिथे पॅलेस्टाईनचा, टेकड्या-दऱ्या उंचसखल दाखवणारा नकाशा जमिनीवरच रचला होता. तलाव म्हणजे भूमध्य समुद्र. विद्यार्थी त्या टेकड्यांमधून चालत भूगोल शिकत. १८७८ मध्ये चार वर्षांचा घरबसल्या वाचनक्रम निघाला. पहिल्याच वर्षी आठ हजारांहून अधिक नावे नोंदली गेली.

– धर्मशिक्षणाचे काही शिक्षक