श्वानांच्या सरावासाठी मैदान हवे

महोदय,

सांगली परिसरात कारवान जातीच्या कुत्र्याचे कौतुक होते ते वेगासाठी आणि रुबाबासाठी. कुत्र्यांच्या आज्ञापालन स्पर्धेत मात्र मालकाच्या डाव्या बाजूने चालणे, हाक मारताच येणे आणि बसवलेल्या जागी थांबून राहणे यांना गुण असतात. घरच्या अंगणात हे सारे बिनचूक करणारे कुत्रे अनोळखी माणसे व इतर कुत्री दिसताच गोंधळते, त्यातच स्पर्धेच्या रिंगणात खाऊ दाखवता येत नाही आणि आज्ञा दुसऱ्यांदा दिल्यास गुण कापले जातात. म्हणून प्रथमच उतरणाऱ्यांनी खाऊ हळूहळू कमी करत, जागा बदलून सराव करावा. पट्ट्याला हिसके देऊन काही साधत नाही, हे आपल्याकडे अजून अनेकांना पटायचे आहे. महापालिकेने कुंपण असलेले एखादे मैदान, विष्ठा उचलण्याच्या अटीवर, सकाळी तासभर यासाठी द्यावे.

– एक श्वानपालक, सांगली