पॅडल शिफ्टर घाटासाठी आहेत, हे ग्राहकाला सांगायला हवे

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

लहान बांध्याची पण दमदार इंजिनाची गाडी घ्यायची आणि ती ऑटोमॅटिकच हवी, असे ठरवून शोरूमची पायरी चढणारे ग्राहक आता आपल्या गावागावांत दिसू लागले आहेत. त्यांना स्टिअरिंगच्या मागे बसवलेल्या दोन छोट्या पट्ट्या, म्हणजे पॅडल शिफ्टर, मोठ्या कौतुकाने दाखवल्या जातात. डावी ओढली की गिअर उतरतो, उजवी ओढली की चढतो, एवढे सांगितले की विक्रेत्याचे बोलणे टचस्क्रीनकडे वळते. घरी परतल्यावर एखादा जाणकार स्नेही सांगतो की ही नुसती हौस आहे, आठ दिवसांत तिचा कंटाळा येतो आणि पुढे त्या पट्ट्यांना कोणी हातही लावत नाही. या दोन्हींमुळे ग्राहकाला जे कळायला हवे ते कळतच नाही, असे मला वाटते. सह्याद्रीचे घाट चढून-उतरून प्रवास करणाऱ्या माणसासाठी पॅडल शिफ्टर हे उतारावर वेग आवरण्याचे उत्तम साधन आहे, आणि ते कितपत कामाला येईल हे त्यांच्यामागे कोणता गिअरबॉक्स बसवला आहे यावर ठरते. म्हणून हे पत्र.

आमच्या घरी ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्याकडे आलेल्या या गाडीत ९९८ सीसीचे तीन सिलिंडरचे टर्बो, म्हणजे जादा हवा दाबून भरणारी झडती बसवलेले, पेट्रोल इंजिन आहे. त्याची ताकद १२० पीएस आणि टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, १७२ न्यूटन मीटर. ऑटोमॅटिक प्रकारात सात गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स आणि पॅडल शिफ्टर मिळतात. कराडहून चिपळूणला जाताना हेळवाक मागे पडले की कुंभार्ली घाट लागतो आणि पोफळीपर्यंत रस्ता वळणे घेत सतत उतरत राहतो. इथे गिअरची दांडी ‘डी’वर ठेवून नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, तर गिअरबॉक्स पेट्रोल वाचवण्याच्या हिशेबाने वरच्या गिअरकडे सरकतो, इंजिनाचे फेरे कमी होतात आणि गाडी मोकळी सुटते. मग वळण आले की ब्रेक, सरळ रस्ता आला की पुन्हा वेग, पुढच्या वळणाला पुन्हा ब्रेक, असे चक्र पायथ्यापर्यंत चालते. त्याऐवजी दांडी मॅन्युअलच्या खाचेत घ्यावी आणि डावी पट्टी ओढून दुसरा गिअर धरावा. फेऱ्यांचा काटा तीन हजारांच्या वर जातो, इंजिनाचा आवाज चढतो आणि मागून कोणी धरून ठेवल्याप्रमाणे गाडी त्याच संथ वेगाने उतरू लागते. ब्रेकला केवळ वळणाच्या तोंडाशी थोडा स्पर्श पुरतो.

जुने ड्रायव्हर सांगत की ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा. त्यामागचे कारण पक्के आहे. ब्रेक सतत दाबून ठेवले की पॅड आणि डिस्क तापतात, तापलेल्या पॅडची पकड कमी होते, आणि ब्रेक ऑइल जुने होऊन त्यात ओलावा शिरलेला असेल तर ते कमी तापमानालाच उकळू लागते. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल मऊ पडून खाली जाते आणि ब्रेक लागत नाहीत. खालच्या गिअरमध्ये इंजिनच चाकांना आवरते, तो इंजिनाचा रोध वापरला तर ब्रेक थंड राहतात आणि अवचित समोर गुरे किंवा एसटी आली तर पूर्ण ताकदीने कामाला येतात. लहान टर्बो इंजिनाच्या गाडीत याची गरज अधिक असते, ही बाब फारशी कोणी सांगत नाही. टर्बोमुळे एक लिटरचे इंजिन चढावर दीड लिटरसारखे ओढते खरे, पण पाय उचलल्यावर टर्बोचा उपयोग नसतो. तेव्हा रोध मिळतो तो एक लिटरच्याच इंजिनाचा, म्हणजे कमी. तो पुरेसा मिळवायचा तर मोठ्या इंजिनाच्या गाडीपेक्षा एक गिअर आणखी खाली यावे लागते, आणि ते काम स्टिअरिंगवरचे हात न काढता पॅडलने होते.

उतारावर गाडी न्यूट्रल केली की पेट्रोल वाचते, हा समज अजूनही अनेकांच्या मनात घट्ट बसलेला आहे आणि ऑटोमॅटिक चालवणारेही काही जण दांडी ‘एन’वर टाकतात. तो धोकादायक आहेच, शिवाय चुकीचाही आहे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला आणि फेरे पुरेसे असले की इंधनाचा पुरवठा तेवढ्यापुरता बंद होतो, कारण चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल जळतच राहते. पुण्यात नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर अवजड वाहनांचे जे भीषण अपघात झाले, त्यांच्या चर्चेत वाहन न्यूट्रल करून उतरवण्याचा मुद्दा वारंवार आला. मोटारचालकांनीही त्यातून बोध घ्यायला हवा, कारण उताराचा नियम ट्रकला एक आणि मोटारीला दुसरा असा नसतो.

आता गिअरबॉक्सकडे येतो. पॅडल हे मुळात विजेचे बटण आहे. ते गिअरबॉक्सच्या संगणकाला फक्त विनंती करते. फेरे मर्यादेपलीकडे जाणार असतील तर ती विनंती नाकारली जाते, आणि तसे व्हायलाच हवे. पण मान्य झालेली विनंती किती लवकर आणि कशी पुरी होते, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ड्युअल क्लचमध्ये एक क्लच विषम आणि दुसरा सम गिअरसाठी असतो, पुढचा गिअर आधीच जुळवून ठेवलेला असतो, त्यामुळे बदल क्षणात होतो आणि ओढ तुटत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाचा दुवा असतो. बदल किंचित सावकाश पण अतिशय मऊ होतो. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या मारुती फ्राँक्सच्या एक लिटर टर्बो इंजिनासोबत सहा गिअरचा असाच गिअरबॉक्स आणि पॅडल मिळतात. सीव्हीटी या तिसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पट्टा आणि पुल्या असतात, खरे गिअर नसतातच. पॅडल ओढल्यावर आधी ठरवून ठेवलेल्या टप्प्यांपैकी एक धरला जातो. होंडा जॅझच्या सीव्हीटीत २०१५ मध्येच अशी पॅडल होती. जोरात चालवताना त्यांत मजा नसली तरी घाट उतरताना खालचा टप्पा धरून ठेवायला ती नक्कीच उपयोगी पडतात.

उरला एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुती सेलेरिओतून तो आला आणि ऑटोमॅटिक गाडी सामान्य घरांच्या आवाक्यात आली, हे त्याचे मोठेच योगदान आहे. तो नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. आता ह्युंदाई एक्स्टरच्या एएमटीलाही पॅडल मिळतात. घाटात ती असणे हे नसण्यापेक्षा कधीही चांगले, पण एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. गिअर बदलताना क्लच काही क्षण उघडा राहतो, त्या अवधीत इंजिनाचा रोध नसतो आणि गाडी उतारावर पुढे सरकते. म्हणून एएमटीत गिअर वळणाच्या बऱ्याच आधी, सरळ रस्त्यावरच उतरवावा. खरे तर इतर गाड्यांतही हेच धोरण बरे, कारण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत पॅडल स्टिअरिंगसोबत फिरतात. आंबोली किंवा ताम्हिणीच्या घाटातल्या एखाद्या पूर्ण वळणात स्टिअरिंग अर्धे फिरले की डावी पट्टी उजवीकडे गेलेली असते, आणि घाईत भलतीच ओढली जाऊ शकते.

पॅडलची कीर्ती शर्यतीतून आली आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. १९८९ च्या ब्राझील ग्रां प्रीमध्ये नायजेल मॅन्सेल यांनी फेरारीसाठी जिंकलेली शर्यत हा फॉर्म्युला वनमधला पॅडलने गिअर बदलणाऱ्या गाडीचा पहिला विजय होता, आणि १९९७ मध्ये फेरारीनेच ही पद्धत रस्त्यावरच्या एफ-३५५ मध्ये आणली. चालकाचा हात स्टिअरिंगवरून हलू नये हा तिथला हेतू होता. पावसाळ्यात धुके दाटलेले असताना, एका बाजूला दरी असलेल्या ओल्या रस्त्यावर आपल्याला तरी वेगळे काय हवे असते?

दमदार लहान गाडी म्हणजे मॅन्युअलच, असे मानणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. जून २०२४ मध्ये आलेली टाटा अल्ट्रोझ रेसर तर फक्त सहा गिअरच्या मॅन्युअलमध्येच आली. स्वतःच्या पायाने क्लच सोडत टर्बो भरताना अनुभवण्याचे सुख वेगळे असते, आणि ज्यांचा प्रवास मोकळ्या रस्त्यांवर होतो त्यांनी ते खुशाल घ्यावे. परंतु आठवड्याचे पाच दिवस हिंजवडीच्या किंवा घोडबंदरच्या कोंडीत आणि शनिवार-रविवार घाटात, असे ज्यांचे जगणे आहे, आणि ज्यांच्या घरी एकच गाडी दोघे-तिघे चालवतात, त्यांच्यासाठी पॅडल असलेली ऑटोमॅटिक हाच अधिक शहाणपणाचा पर्याय आहे. कोकणातल्या दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओलांडतानाही तिचा फायदा होतो. ‘डी’मध्ये एकदम ॲक्सिलरेटर दाबला तर गिअरबॉक्सला ठरवायला क्षणभर लागतो आणि टर्बो भरायला आणखी क्षणभर, समोरचा रस्ता मोकळा दिसण्याआधीच डावी पट्टी ओढून दोन गिअर खाली आलेले असले, की इंजिन तयार असते आणि समोरून येणाऱ्या वाहनाच्या बाजूला आपण थोडाच वेळ राहतो.

कोंडीचा उल्लेख केला आहे, तर ड्युअल क्लचची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या गाडीत ड्राय क्लच आहे, म्हणजे तो तेलात बुडालेला नसतो. वीत-वीत पुढे सरकणाऱ्या रांगेत हा क्लच सतत अर्धवट घासत राहतो आणि तापतो; फारच तापला तर थांबण्याची सूचना देणारी सोय अशा गाड्यांत असते. पुढच्या गाडीशी थोडे अंतर पडू द्यावे आणि मग एकदम सरकावे, चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून न धरता ब्रेक दाबून ठेवावा, एवढे पथ्य पाळले तर क्लचचे आयुष्य वाढते. चाकणला तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलोचे उदाहरण इथे बोलके आहे. २०१३ च्या जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटर टर्बो इंजिनाला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनचा ड्युअल क्लच, होता. २०२० मध्ये एक लिटरचे इंजिन आले तेव्हा त्याच गाडीला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर देण्यात आला. वेगाच्या दर्दींना तेव्हा हळहळ वाटली. मात्र रोज दोन-दोन तास कोंडीत काढणाऱ्या आणि गाडी दहा वर्षे वापरू इच्छिणाऱ्या माणसाला मीही टॉर्क कन्व्हर्टरच सुचवीन. टाटा अल्ट्रोझमध्ये २०२२ मध्ये आलेला ड्युअल क्लच तेलातला आहे, आणि तोही कोंडीच्या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे.

या सगळ्यासाठी मॅन्युअलपेक्षा सुमारे लाखभर रुपये अधिक मोजावे लागतात. तेवढे पैसे देणाऱ्या ग्राहकाला शोरूमभोवतीच्या सपाट रस्त्यावर पाच मिनिटे फिरवून आणणे पुरेसे नाही. टेस्ट ड्राइव्ह मागताना ती चढ-उतार असलेल्या रस्त्यावरच मागावी, उतारावर दुसरा गिअर धरून तो टिकतो की गिअरबॉक्स आपणहून वर जातो ते पाहावे. काही गाड्यांत ‘डी’मध्ये ओढलेले पॅडल थोड्या वेळाने आपोआप रद्द होते, म्हणून मॅन्युअलची खाच आहे की नाही हेही विचारावे. मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे चालकही हे पत्र वाचत असतील, तर त्यांना विनंती आहे की ऑटोमॅटिकवर शिकायला येणाऱ्यांना ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एवढेच न शिकवता एखाद्या उतारावर नेऊन इंजिनाचा रोध कसा वापरायचा ते प्रत्यक्ष करून दाखवावे. क्लच नाही म्हणजे गिअर नाहीत, अशी समजूत घेऊन बाहेर पडणारे नवे चालक मी पाहिले आहेत, आणि घाटात त्यांच्या मागे चालताना त्यांच्या गाडीचे लाल दिवे वरपासून खालपर्यंत पेटलेलेच असतात.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणी आहे. नव्या गाड्यांची परीक्षणे छापताना शून्यापासून शंभरचा वेग किती सेकंदांत गाठला हे आपण आवर्जून देता. त्याच्याच शेजारी, गाडीत माणसे आणि सामान भरून एखादा घाट उतरताना खालचा गिअर धरला गेला का, ब्रेकचे पेडल पायथ्याशीही वरच्यासारखेच लागत होते का, आणि भर उन्हात तासभर कोंडीत काढल्यावर गिअरबॉक्सने काही कुरकुर केली का, एवढी माहिती द्यावी. खंबाटकी किंवा वरंधा आपल्या प्रतिनिधींना दूर नाही.

आपला,
एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे